मुलांची पंचायत

[गावाचे आणि शहराचे अनेक निर्णय मोठी माणसे घेतात, पण त्यांचे परिणाम मुलांनाही भोगावे लागतात. मग त्या निर्णयांत मुलांचे म्हणणे कोणी ऐकावे की नाही? शेजारच्या कर्नाटक राज्यात या प्रश्नावर एक प्रयोग झाला. त्याची माहिती या पाठात दिली आहे.]

'लहान तोंडी मोठा घास' अशी मराठीत एक म्हण आहे. उर्दूत 'छोटा मुँह बड़ी बात' म्हणतात, तोच तिचा अर्थ. मोठी माणसे बोलत बसलेली असताना एखाद्या मुलाने मध्येच काही सांगितले, की ही म्हण हमखास ऐकू येते. मूल गप्प बसते आणि मोठ्यांचे बोलणे पुढे चालू होते. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. पण कधी कधी त्या मुलाला जे माहीत असते, ते तिथे बसलेल्या एकाही मोठ्या माणसाला माहीत नसते.

समजा, एका गावात शाळेच्या वाटेवर ओढा आहे. तो ओढा रोज दोनदा कोण ओलांडते? मुले. सरपंच मोटारसायकलवरून मोठ्या रस्त्याने जातात. ग्रामसेवक तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येतात. पावसाळ्यात ओढ्यातला कोणता दगड हलतो, पाणी कुठपर्यंत आले की परत फिरावे, कोणत्या मैत्रिणीला हात धरून न्यावे लागते, हे सारे मुलांना ठाऊक असते. आता ग्रामसभेत ओढ्यावरच्या पुलाचा विषय निघाला. ग्रामसभा ही गावातील मतदारांची सभा असते आणि मतदार होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जी मुले ओढा ओलांडतात, त्यांना त्या सभेत जागा नाही. ज्यांना जागा आहे, त्यांपैकी कित्येकांनी तो ओढा पावसाळ्यात पाहिलेलाही नसतो!

मतदानाचे वय पूर्वी २१ होते. १९८९ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ते १८ झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने मुलांच्या हक्कांचा करार मंजूर केला. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. त्याच्या १२ व्या कलमात असे म्हटले आहे, की ज्या बाबींचा मुलावर परिणाम होतो त्या सर्व बाबींत आपले मत मोकळेपणाने मांडण्याचा मुलाला हक्क आहे. आणि मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्या मताला योग्य ते वजन दिले पाहिजे.

इथे मराठीतील एक गंमत सांगितली पाहिजे. 'मत' या एकाच शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. तुम्ही उर्दूत ज्याला 'राय' म्हणता तेही मत आणि ज्याला 'वोट' म्हणता तेही मत. मुलांना दुसऱ्या अर्थाचे मत १८ वर्षांनंतरच मिळते. पहिल्या अर्थाचे मत मात्र त्यांच्याजवळ आजही आहे. ते मागायला कोणी येत नाही, एवढेच.

ते मागायला कोणी आले तर काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला कर्नाटकात जावे लागेल.

गोव्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपी जिल्ह्यात कुंदापूर नावाचा तालुका आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचे डोंगर. पाऊस मुसळधार. आपल्या कोकणातल्याप्रमाणेच इथेही घरे एका जागी दाटीने नसतात, वाडीवाडीने विखुरलेली असतात. दोन वाड्यांमध्ये शेत, बाग, नाही तर ओढा. ओढ्यावर झाडाचे एकदोन ओंडके आडवे टाकून केलेला पूल असतो. कोकणात त्याला 'साकव' म्हणतात, तिकडे कन्नड भाषेत 'कालुसंक' म्हणतात. कालु म्हणजे पाय आणि संक म्हणजे पूल. उन्हाळ्यात त्याच्यावरून चालायला गंमत वाटते. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ चढते, आणि खालून गढूळ पाणी धावत असते.

या भागातील अनेक मुले पूर्वी शाळा सोडून बंगळूरु, मुंबई यांसारख्या शहरांत हॉटेलांमध्ये कामाला जात. मुली घरी राहत. लाकूडफाटा आणायचा, पाणी भरायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचे, ही त्यांची कामे. अशा मुलांसाठी बंगळूरुची 'कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' ही संस्था काम करत होती. १९९० साली काम करणाऱ्या मुलांनी 'भीम संघ' ही स्वतःची संघटना स्थापन केली. या मुलांचे म्हणणे साधे होते : आमच्याविषयी सगळे बोलतात, पण आमच्याशी कोणी बोलत नाही.

१९९५ साली राज्य सरकारच्या सहकार्याने कुंदापूर तालुक्यातील काही ग्रामपंचायतींमध्ये मुलांच्या पंचायती सुरू झाल्या. कन्नडमध्ये 'मक्कळु' म्हणजे मुले, म्हणून या पंचायतीचे नाव 'मक्कळ पंचायत' असे पडले. तिचे सदस्य मुलांनीच निवडून द्यायचे. निवडणुकीत शाळेत जाणारी मुले होती, तशीच कामाला जाणारीही होती. काम करणाऱ्या मुलांसाठी आणि मुलींसाठी राखीव जागा ठेवल्या होत्या. हे फार शहाणपणाचे झाले, असे मला वाटते. नाही तर काय झाले असते, ते तुम्हीही सांगू शकाल. वर्गात पहिला येणारा, घडाघडा भाषण करणारा मुलगा निवडून आला असता, आणि जी मुलगी भावाला कडेवर घेऊन घरी बसली आहे तिची अडचण त्याला कधीच सुचली नसती.

मुलांनी आपल्यासाठी एक मोठा माणूसही निवडायचा होता. त्याला 'मक्कळ मित्र' म्हणत. जी गोष्ट सभेत बोलायची भीती वाटते, ती त्याच्याकडे जाऊन सांगायची. शिवाय मुलांचे प्रतिनिधी, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी आणि सरकारी खात्यांचे अधिकारी एकत्र बसतील अशी समितीही होती. ही समिती नसती, तर मुलांची पंचायत म्हणजे भातुकलीचा खेळ झाला असता. भातुकलीत आपण स्वयंपाक करतो खरा, पण जेवायला कोणाला मिळत नाही.

सुरुवातीला मोठ्यांना हे सारे पटले असेल, असे समजू नका. मराठीत 'पंचाईत होणे' असा एक वाक्प्रचार आहे. काय करावे ते न सुचणे, अडचणीत सापडणे, हा त्याचा अर्थ. मुलांची पंचायत भरली आणि मोठ्यांची पंचाईत झाली, असे म्हटले तरी चालेल. कारण मुले नुसती मागणी करत नव्हती, पुरावा घेऊन येत होती.

पुरावा म्हणजे काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. दोन मुलगे एकाच ओढ्याविषयी सरपंचांकडे जातात. पहिला म्हणतो, "सरपंचकाका, आमच्या ओढ्यावर पूल पाहिजे. आम्हांला फार त्रास होतो." सरपंच म्हणतात, "बरं बाळ, बघू हं." आणि विषय संपतो. दुसरा म्हणतो, "सरपंचकाका, आमच्या वाडीतून २३ मुलं शाळेत येतात. गेल्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढ्याला पाणी असल्यामुळे आमची १४ दिवस शाळा बुडाली. हजेरीपटावरून गुरुजींनी ते मोजून दिलंय. ओढ्याची रुंदी आम्ही दोरीने मोजली. बाजारवाडीच्या साकवाएवढीच आहे, आणि तो साकव पंचायतीनं केला तेव्हा किती खर्च आला, ते पंचायतीच्या दप्तरात असेल." आता सरपंचांना 'बघू' म्हणून सुटता येत नाही. त्यांना दप्तर उघडावेच लागते.

कुंदापूरच्या मुलांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. देशाच्या दहाव्या पंचवार्षिक योजनेचा काळ २००२ ते २००७ असा होता. त्या वेळी तालुक्यातील ५६ ग्रामपंचायतींमधील २० हजारांहून अधिक मुलांनी आपापल्या गावाच्या योजनेसाठी सूचना तयार केल्या. त्यांनी गावांचे नकाशे काढले. घरोघर जाऊन माहिती गोळा केली. कोणत्या वाडीत पिण्याचे पाणी नाही, कोणत्या वाटेवर साकव धोक्याचा आहे, कोठे अंगणवाडी नाही, याच्या याद्या केल्या. त्या याद्या मोठ्यांच्या पंचायतीपुढे गेल्या. नकाशे आणि याद्या पाहून अनेक मोठ्या माणसांना प्रथमच कळले, की आपल्या गावात एवढ्या गोष्टी आपल्याला माहीत नव्हत्या.

अंगणवाडीचा आणि मुलींच्या शिक्षणाचा काय संबंध, असे तुमच्या मनात आले असेल. मोठ्यांच्याही मनात तेच येते. एखादी मुलगी शाळेत का येत नाही, असे विचारले तर मोठी माणसे म्हणतात, "आईबापांना शिक्षणाचं महत्त्व नाही." तिच्या मैत्रिणीला विचारा. ती सांगेल, "तिची आई मजुरीला जाते. घरी दीड वर्षांचा भाऊ आहे. त्याला कोण बघणार?" त्या भावाला सांभाळण्याची सोय झाली, की बहीण शाळेत येते. रोग तोच, पण औषध वेगळे निघाले. मैत्रिणीला विचारले नसते, तर आईबापांसाठी शिक्षणाच्या महत्त्वावर एक व्याख्यान ठेवले गेले असते आणि मुलगी घरीच राहिली असती.

२००६ साली कर्नाटक सरकारने पुढचे पाऊल उचलले. राज्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा भरवावी, असा आदेश निघाला. या सभेत पंचायतीचे अध्यक्ष, सदस्य आणि शिक्षण, आरोग्य इत्यादी खात्यांचे लोक हजर राहतात आणि मुले प्रश्न विचारतात. शाळेच्या शौचालयाच्या दाराला कडी नाही. शाळा सुटण्याआधीच बस निघून जाते. विजेची तार मैदानावर लोंबते आहे. नळाला पाणी येते, पण मधल्या सुट्टीत नाही. मोठ्या माणसांना या गोष्टी किरकोळ वाटतील. ज्या मुलीला दाराला कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता बसावे लागते, तिला विचारून पाहा.

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वेगळीच वाटते. मुलांनी मांडलेल्या मागण्यांचे पुढे काय झाले, ते पंचायतीने मुलांना सांगायचे असते. काम झाले असेल तर झाले म्हणून, आणि झाले नसेल तर का झाले नाही म्हणून. नुसते ऐकणे सोपे असते. मान डोलवली की झाले. खरे ऐकले की नाही, ते उत्तरावरून कळते.

उर्दू वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे दोन शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, तुमच्या भाषेत 'शिकायत'. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, थोडक्यात सांगितलेली गोष्ट. मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. असे का घडले, ते उलगडून सांगणे. मुले पंचायतीपुढे तक्रार घेऊन जातात, ती मराठी अर्थाने. तिच्यात भांडण नसते. आणि पंचायतीने त्यांना खुलासा द्यायचा, तोही मराठी अर्थाने. 'पैसे नाहीत' एवढे दोन शब्द म्हणजे खुलासा नव्हे. पंचायतीकडे किती पैसे आले, ते कोठे खर्च झाले, पुलाला किती लागतील आणि पुढच्या वर्षी ते कोठून आणता येतील, हे सांगितले तर तो खुलासा. पुष्कळदा पैसे खरोखरच नसतात. मुलांना ते समजते. वडिलांकडे पैसे नसले की ईदचे नवे कपडे पुढच्या महिन्यावर जातात, हे ज्यांना समजते त्यांना हेही समजते. तोंडाला पाने पुसली, तर मात्र ते त्यांना बरोबर कळते.

प्रत्येक ठिकाणी सगळे असेच व्यवस्थित चालते, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. मुलांच्या नावाने भरणाऱ्या सभा कशा होतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मांडव घालतात. पाहुण्यांना हार घालतात. पाहुणे तासभर बोलतात. शेवटी वेळ उरला तर एखादी मुलगी शिक्षकांनी लिहून दिलेले चार मुद्दे वाचते, टाळ्या पडतात, आणि सर्वांना खाऊ मिळतो. मुद्दे वहीत राहतात. अशा सभेला मुलांची सभा का म्हणावे? त्यात मुलांचे काय होते? खाऊ तेवढा होता.

आणि जेथे मुले खरोखर बोलली, तेथेही सर्व प्रश्न सुटले असे नाही. अनेक ओढ्यांवर साकव झाले, पूल झाले. अनेक ठिकाणी झाले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये, उडुपी जिल्ह्याच्या याच भागात, दुसरीत शिकणारी एक मुलगी शाळेतून घरी परत येत होती. वाटेत कालुसंक होते. पावसाने ओढा भरला होता. ती पाण्यात पडली आणि वाहून गेली. दोन दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर मंत्री आले, अधिकारी आले, धोक्याच्या साकवांची मोजणी झाली. जी मोजणी मुले कितीतरी वर्षे करत आली होती, तीच.

हा प्रसंग पाठात द्यावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण मुलांचे म्हणणे ऐकणे हा काही कौतुकाचा कार्यक्रम नाही, कधी कधी तो जिवाचा प्रश्न असतो, हे त्याशिवाय नीट कळणार नाही.

मुलांना अशी जागा देण्याचे प्रयत्न इतर ठिकाणीही झाले आहेत. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया हे गाव आहे. तेथे बंकर रॉय यांनी १९७२ साली एक संस्था स्थापन केली. ती 'बेअरफूट कॉलेज' या नावाने ओळखली जाते. दिवसभर शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या मुलांसाठी या संस्थेने रात्रशाळा चालवल्या. १९९३ पासून या शाळांतील मुलांची 'बाल संसद' निवडली जाऊ लागली. तिला प्रधानमंत्री असे, मंत्री असत. मंत्र्यांचे काम काय? शिक्षक वेळेवर येतात का, दिवा लागतो का, हातपंपाला पाणी आहे का, हे शाळाशाळांतून जाऊन पाहणे आणि मोठ्यांना त्याचा जाब विचारणे. दिवसा गुरांमागे फिरणारी मुलगी संध्याकाळी मंत्री म्हणून शिक्षकांची हजेरी तपासते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा.

ब्राझील देशातील बारा मान्सा शहराने तर १९९८ साली मुलांच्या हाती पैसेच दिले. तेथे मुलांनी ३६ जणांचे मंडळ निवडले, १८ मुलगे आणि १८ मुली. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील सुमारे सव्वा लाख डॉलरची रक्कम कशासाठी वापरायची, ते या मंडळाने ठरवायचे होते. मुले सगळे पैसे खेळण्यांवर उडवतील, अशी शंका तुमच्या मनात आली का? त्यांनी शाळांच्या दुरुस्तीची आणि गरीब वस्त्यांतील सांडपाण्याची कामे सुचवली.

तुमच्यापैकी बरेच जण गावात नव्हे, तर मालेगाव, भिवंडी किंवा मुंबईसारख्या शहरात राहत असतील. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना ओढा, ना ग्रामसभा. ओढा नसेल, पण शाळेच्या फाटकासमोर वळणारे ट्रक असतील, उघडे गटार असेल, यंत्रमागांच्या आवाजात वर्गातले शब्द ऐकू येत नसतील. शहरात ग्रामसभा नसते हे खरे. पण आपल्या भागातून निवडून आलेला नगरसेवक असतो. ज्या शहरांची लोकसंख्या ३ लाख किंवा त्याहून अधिक आहे, तेथे प्रभाग समित्या असाव्यात अशी तरतूद राज्यघटनेत आहे. तुमचा प्रभाग कोणता, त्याचे कार्यालय कोठे, हे घरी विचारून पाहा. घरच्यांना सांगता आले नाही तर रागावू नका, पुष्कळांना सांगता येत नाही.

मग एक वही घ्या. पाचसहा जणांचा गट करा, आणि त्यात अशाही मुलांना घ्या जी वर्गात फारशी बोलत नाहीत. आठवडाभर शाळेच्या वाटेवर काय अडते, ते तारीख आणि वेळ घालून लिहा. मोजता येईल ते मोजा. एकाच गोष्टीची निवड करा. दहा मागण्यांच्या अर्जाला दहा दिशांनी टोलवता येते. अर्ज साध्या भाषेत लिहा, मुख्याध्यापकांना दाखवा, आणि त्यांच्यासह कार्यालयात द्यायला जा. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. कार्यालयातील लिपिक अर्ज आवक नोंदवहीत चढवतो, त्याला क्रमांक देतो. आपल्या प्रतीवर तो क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. याला 'पोच' म्हणतात. पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

शब्दार्थ

ओंडका - झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
शेवाळ - ओल्या जागी वाढणारी हिरवी, निसरडी वनस्पती
भातुकली - लहान मुलांचा लुटुपुटूच्या संसाराचा खेळ
दप्तर - (येथे) कार्यालयातील कागदपत्रे
अंदाजपत्रक - जमाखर्चाचा आगाऊ केलेला हिशेब
जाब विचारणे - केलेल्या किंवा न केलेल्या कामाचे कारण विचारणे
तोंडाला पाने पुसणे - आशा दाखवून फसवणे
टोलवणे - (येथे) काम आपल्याकडून दुसऱ्याकडे ढकलणे
आवक - कार्यालयात आलेले कागद

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कालुसंक' म्हणजे काय?
(आ) मुलांच्या हक्कांचा करार भारताने केव्हा स्वीकारला?
(इ) 'मक्कळ मित्र' कोणाला म्हणत?

प्र. २. तीनचार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मक्कळ पंचायतीत राखीव जागा ठेवणे लेखकाला शहाणपणाचे का वाटते?
(आ) ओढ्याविषयी बोलणाऱ्या दोन मुलांच्या बोलण्यात कोणता फरक आहे?
(इ) अंगणवाडी नसल्यामुळे मोठ्या बहिणीची शाळा कशी सुटते?

प्र. ३. 'मुलांना सगळेच कळते असे नाही, म्हणून त्यांनी मोठ्यांच्या निर्णयात बोलू नये,' असे एक गृहस्थ म्हणतात. त्यांना तुम्ही काय उत्तर द्याल? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटत असेल, तर का पटते ते लिहा.

प्र. ४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा दोन्ही भाषांत एकच अर्थ आहे की वेगळा, ते शिक्षकांच्या मदतीने ठरवा आणि मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा :
अर्ज, तक्रार, खुलासा, मंजूर, हजर, राजीनामा.

उपक्रम : शाळेच्या वाटेवरील एका अडचणीची आठवडाभर नोंद ठेवा आणि त्यावरून प्रभाग कार्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला मराठीत अर्ज लिहा.